नगरहून आणलेलं थडगं

आमचे बाबा सुट्टीला निघाले की दुबईच्या बर दुबई भागातल्या आमच्या बिल्डिंगचा निम्मा संसार त्यांच्याबरोबर निघायचा. हे मी कौतुकानं सांगते आहे की तक्रारीनं, ते माझं मला अजून ठरवता आलेलं नाही. आठ दिवस आधीपासून हॉलमध्ये पुठ्ठ्याचे खोके पसरलेले असत. कुणाच्या भावासाठी शर्टाचं कापड, कुणाच्या बाळंतिणीसाठी बदाम, दुधाच्या पावडरीचे डबे, बाम, अत्तरं, आणि प्रत्येक वस्तूवर चिकटपट्टीखाली नाव-पत्ता. दाराच्या कडीला लटकवलेल्या काट्यावर बाबा एकेक खोका वजन करायचे आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "आपले कपडे कशात भरायचे ते पण विचारा त्या काट्याला!" बाबांवर परिणाम शून्य. "माणसानं विश्वासानं दिलंय, ते पोचलंच पाहिजे," हे त्यांचं एकच वाक्य. परत येताना भाजणी, मेतकूट, पापड, कुणाची औषधं, एकदा तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजींची नगरला दुरुस्त केलेली कवळी. ती बाबांनी शर्टाच्या खिशात ठेवून आणली होती, चेपायला नको म्हणून. रिकाम्या हातांनी आलेले बाबा कुणी पाहिले नव्हते. त्या कवळीच्या गोष्टीवर आम्ही पुढे कितीतरी वर्षं हसलो. आज वाटतं, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. जो माणूस दुसऱ्याचे दात खिशात घालून समुद्र ओलांडतो, तो दिलेल्या शब्दापायी कुठवर जाईल याचा काही भरवसा नसतो.

आमच्या खालच्याच मजल्यावर मिसेस ब्रॅडली राहायच्या. त्यांचा नवरा बंदरात येणारी मोठी जहाजं धक्क्याला लावायचं काम करायचा आणि उरलेला वेळ झोपायचा. मिसेस ब्रॅडलींना मूलबाळ नव्हतं. दर गुरुवारी संध्याकाळी त्या बिल्डिंगमधल्या मुलांना जमवून इंग्रजी वाचायला शिकवायच्या, फुकट, आणि वर एक कोरडं बिस्किट द्यायच्या. आईला त्या बिस्किटाची दया यायची. म्हणून ती माझ्या हाती कोथिंबीरवड्यांचा डबा पाठवायची. आईला इंग्रजी येत नव्हतं आणि मिसेस ब्रॅडलींना हिंदीतले 'अच्छा' आणि 'बस' एवढेच शब्द यायचे. तेवढ्या भांडवलावर दोघींची दाट मैत्री होती. मी त्यांची लाडकी. वर्गात सगळ्यांत मोठ्यानं आणि सगळ्यांत हावभाव करून वाचायची मीच. आता माझ्या मुली म्हणतात, "आई, यू एक्झॅजरेट एव्हरीथिंग." त्यांना कोण सांगणार की या गुणाबद्दल मला बिस्किटं मिळायची.

मी अकरा वर्षांची असताना, आम्ही सगळे मिळून नगरला निघालो होतो तेव्हा, मिसेस ब्रॅडली स्वतः जिना चढून वर आल्या. हातात खोका नव्हता, एक घडी घातलेला कागद होता. त्यांच्या आईचे आजोबा, हेन्री बेल नावाचे, राणी व्हिक्टोरियाच्या काळात नगरच्या छावणीत घोड्यांचे डॉक्टर होते. तिथेच तापानं गेले आणि तिथेच गोऱ्यांच्या दफनभूमीत पुरले गेले. घरच्या कुणी ते थडगं कधी पाहिलं नव्हतं. कागदावर जुन्या पत्रावरून उतरवलेला नकाशा होता: फाटक, तिसरी रांग, भिंतीजवळ लिंबाचं झाड. "तुम्हाला जमलं तर एक फोटो," त्या म्हणाल्या, "माझी आई फार थकली आहे." बाबांनी कागद दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "मॅडम, कन्सिडर इट डन." मला तेव्हा ते वाक्य फार रुबाबदार वाटलं होतं.

नगरला काकांच्या स्कूटरवर मला मागे बसवून बाबा त्या दफनभूमीत गेले. मे महिना. गंजलेलं फाटक, त्याच्या आतल्या बाजूला रखवालदाराची खोली, आणि पलीकडे कमरेएवढं वाळकं गवत. त्यातून दगडी क्रूस आणि एका देवदूताचं मुंडकं तेवढं वर दिसत होतं. देवदूताला नाक नव्हतं. मी एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि जाहीर केलं की मी इथेच बसते. बाबा कागद आणि कॅमेरा घेऊन गवतात शिरले. रखवालदाराच्या बायकोनं मला माठातलं पाणी दिलं, मीठ लावलेल्या चिंचा दिल्या, आणि मी खोलीच्या सावलीत बसून त्या खात राहिले. आत नेमकं काय आहे ते मी पाहिलं ते फार उशिरा, दोन मुली झाल्यावर. लहान लहान मुलांची थडगी किती ओळीनं आहेत तिथे, एकाच आईबापांची तीन-तीन! दगडांवरची अक्षरं शेवाळ्यानं भरलेली, लोखंडी कठडे कुणीतरी कधीच उपटून नेलेले, एका साहेबाच्या चौथऱ्यावर शेळी झोपलेली. मी मोठ्या निश्चयानं गेले होते. चार रांगा पाहिल्या आणि ऊन लागलं म्हणून परत आले. बाबा मात्र त्या दिवशी तासाभरानं बाहेर आले, पँटला कुसळं चिकटलेली, मान लाल झालेली. मी विचारलं, "मिळालं?" ते म्हणाले, "चल, उशीर झाला."

परतल्यावर पहिल्याच संध्याकाळी मिसेस ब्रॅडली वर आल्या. आई खोके सोडत होती, घरभर भाजणीचा वास सुटला होता, खिडकीतला एसी नेहमीसारखा खडखडत होता. त्या बसल्यासुद्धा नाहीत. दारातच उभं राहून म्हणाल्या, "वेल?" बाबांनी घसा खाकरला. "मॅडम, ॲक्च्युअली..." असं म्हणून ते थांबले, इंग्रजी जुळवायला थांबतात तसे. आणि ती शांतता मला सोसली नाही. सगळे बघत असताना शांत बसायचं मला कधीच जमलेलं नाही. मी पुढे होऊन म्हणाले, "आय सॉ इट! मी त्याला हात लावला. थंड होतं. बाहेर एवढं ऊन, पण ते थंड होतं." मिसेस ब्रॅडलींनी माझा तो हात आपल्या हातात घेतला, उलटा करून पाहिला, जणू त्याला काही लागून आलं असावं. बाबा माझ्याकडे पाहत होते. मग म्हणाले, "फोटोचा रोल धुवायला टाकतो, मॅडम. फिफ्टीन डेज."

पंधरा नाही, वीस दिवसांनी फोटो आला. करड्या पांढऱ्या दगडावर हेन्री बेलचं नाव, खाली बायबलातली एक ओळ, दगड पिवळसर पडलेला, कोपऱ्यात हिरवी फांदी डोकावतेय. मिसेस ब्रॅडली रडल्या, बाबांचा हात धरून रडल्या, आणि आई त्यांना 'बस, बस' म्हणत राहिली. फोटो फ्रेम होऊन त्यांच्या जेवणाच्या टेबलावरच्या भिंतीवर लागला. आणि माझी कारकीर्द सुरू झाली. शाळेत मी 'एक विसरलेलं थडगं' या विषयावर भाषण केलं, बक्षीस मिळवलं, मग दुसऱ्या शाळेत जाऊन तेच केलं. दर वेळी माझा हात त्या दगडावर जरा जास्त वेळ राहायचा. शेवटी शेवटी तर मी हेन्री बेलशी बोलतसुद्धा होते. खोटं असं म्हणायचं नाही, असं मी स्वतःला समजावलं होतं. बाबांनी पाहिलंय, मी फाटकात होते, म्हणजे पाहिल्यासारखंच.

आठ वर्षं गेली. मी कॉलेजात, ड्रायव्हिंग लायसन्स नवंकोरं. मिस्टर ब्रॅडली निवृत्त झाले आणि त्यांचं कायमचं इंग्लंडला जायचं ठरलं. मिसेस ब्रॅडलींनी मला खाली बोलावून तिकीट दाखवलं. त्या आधी भारतात जाणार होत्या, नगरला. "आणि तू माझ्याबरोबर येणार आहेस," त्या म्हणाल्या. "तुला जागा माहीत आहे." मी हो म्हणाले. बाबांना जागा विचारून घेऊ, असं मी ठरवून टाकलं. तिसरी रांग, भिंतीजवळ लिंब. त्यात काय अवघड.

त्याच महिन्यात बाबांचं मार्बलचं वर्कशॉप अल कूझमधून दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्क या नव्या औद्योगिक वसाहतीत हलायचं होतं. शुक्रवारी सगळे कामगार ट्रक भरत होते आणि आई नि मी त्यांच्यासाठी पुरी-भाजी करायला गेलो होतो. कामगारांच्या स्वयंपाकघरात दोन तेलाच्या डब्यांवर एक लांबरुंद फरशी आडवी टाकलेली होती. वर्षानुवर्षं तिच्यावर रोट्या लाटल्या जात होत्या. अर्ध्या पुऱ्या झाल्यावर मला ती जवळ ओढायची होती. मी खालून हात घातला आणि बोटांना अक्षरं लागली. एखाद्या व्हिलाची बाद झालेली पाटी असेल म्हणून मी सोडूनही दिलं असतं. पण बोटं चाळा करतच राहिली. बी. ई. एल. एल.

स्वयंपाकी आणि मी मिळून ती उलटी केली. कडांवरून ओघळलेल्या पिठानं, तेलानं माखलेला हेन्री बेल.

इस्माईलभाई, बाबांकडे दगडावर अक्षरं कोरायचं काम करणारे राजस्थानातल्या मकराण्याचे कारागीर, हातात छिन्न्यांची पिशवी घेऊन दारातून जात होते. ते थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे बेबी, ये तो मेरा सबसे अच्छा काम है! देखो, अंग्रेजी पुराना लिखावट. आठ दिन चाय के पानी में कपडा भिगो-भिगो के रखा, तब जाके पुराना दिखा." मग त्यांनी पिठाकडे पाहिलं आणि ते दुखावले. "इसपे रोटी बेलते हैं? किसी को कदर नहीं."

परतीला आम्ही तिघं पिकअपच्या पुढच्या बाकावर, बाबा चालवताहेत, आई मध्ये, मी खिडकीशी.

"बाबा, तो दगड कुणाचा?"

"कुठला?"

"ज्याच्यावर आज पुऱ्या लाटल्या."

शेख झायेद रोडवरचे दोन-तीन पूल मागे गेले. मग बाबा म्हणाले, "ओमानी मार्बल आहे. चांगल्यातला."

"तुम्हाला थडगं सापडलंच नव्हतं."

"लिंबाचं झाडच नव्हतं गं तिथे. रांगासुद्धा नव्हत्या धड. निम्म्या दगडांवरची नावं गेलेली. मी कुठे म्हणून बघू?"

मी आईकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"फोटोत कोपऱ्यात फांदी आहे ना, तो आपला बाल्कनीतला कढीपत्ता," आई म्हणाली. "कुंडी नेली वर्कशॉपच्या मागच्या रेतीत. परत आणली तेव्हा निम्मी पानं गळालेली. पुढे सहा महिने मी दिरहमला जुडी आणत होते. आठ रुपये कढीपत्त्याला!"

"म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. इस्माईलभाईंना, तुला. मला का नाही सांगितलं?"

"तुझ्या तोंडात तीळ भिजतो का? संध्याकाळपर्यंत बिल्डिंगभर झालं असतं."

त्या फोटोखाली मी आठ वर्षं कोथिंबीरवड्या खाल्ल्या होत्या. त्याच्यावर भाषणं केली होती. आणि घरात फोडणीत पडणाऱ्या कढीपत्त्यालासुद्धा जे ठाऊक होतं, ते मला नव्हतं. मला भयंकर रडू आलं, आणि रडू आलं की आम्हा तिकडच्या मुलांचं मराठी संपतं. "यू चीटेड हर!" मी ओरडले. "शी इज गोइंग देअर, बाबा! ती बघायला जातेय!"

"ठाऊक आहे," बाबा शांतपणे म्हणाले. "त्याचाच विचार चाललाय. अजून महिना आहे. दगड तयार आहे. डोअर टू डोअर कार्गोनं टाकतो, नगरला काका उतरवून घेईल. इस्माईलभाईला दोन दिवस पाठवतो. भिंतीजवळ बसवून टाकला की खलास. इन्शाल्ला कळणारसुद्धा नाही."

"त्याला पुऱ्यांचं तेल लागलंय!"

"तेलानं जुनेपण येतं."

खरं सांगते, आज लिहिताना मला हसू येतंय. तेव्हा मी दाराची कडी धरून बसले होते, गाडी थांबली की उतरून कुठेतरी चालत सुटायचं म्हणून. "मी तिला सगळं सांगणार आहे," मी म्हणाले. "तुम्ही खोटं बोललात हे सांगणार आहे."

तेव्हा आई बोलली, समोरच्या रस्त्याकडे बघत. "सांग हो, अवश्य सांग. आणि हेही सांग की ते त्या दिवशी खरं सांगायलाच उभे होते. 'मॅडम, ॲक्च्युअली' इथवर आले होते. तू मध्ये उडी घेतलीस. हात लावला म्हणे, थंड लागलं म्हणे. मग बापानं काय करायचं? परक्यासमोर पोरीला खोटी पाडायची?"

बाबा म्हणाले, "जाऊ दे, लहान होती."

आपल्याला फसवलं गेलं, हा राग निदान निर्भेळ तरी मिळावा की नाही माणसाला? मला तेवढाही मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी एकटी खाली गेले. मिसेस ब्रॅडलींच्या घरात सामान बांधायचं चाललं होतं. भिंतीवर एकटा तो फोटो राहिला होता. तो त्यांना हातातल्या बॅगेत न्यायचा होता. मी उभ्यानंच सांगून टाकलं: दगड, चहा, कढीपत्ता, सगळं. बाबांना शब्द पाळायचा होता, त्यांना कुणाला रिकाम्या हातांनी परत पाठवता येत नाही, हेही सांगितलं. माझा भाग मी वगळला. वाटलं, एवढ्या मोठ्या खोट्यात तो कुणाच्या लक्षात येणार आहे.

त्या फोटोपाशी गेल्या. मग म्हणाल्या, "पण तू हात लावला होतास."

मी मान हलवली. नाही म्हणून.

"मग थंड काय होतं?"

"माठ," मी म्हणाले. माठाला इंग्रजीत काय म्हणतात ते मला त्या क्षणी आठवेना, म्हणून मी हातांनी त्याचा आकार करून दाखवला. आयुष्यात इतकं लाजिरवाणं मी दुसरं काही केलेलं नाही.

"माझ्या आईला शेवटी डोळ्यांनी दिसत नव्हतं," मिसेस ब्रॅडली म्हणाल्या. "त्या फोटोचा तिला काही उपयोग नव्हता. मी तिला तुझा हात सांगितला. ती पुनःपुन्हा विचारायची, थंड होतं ना? मी सांगायचे, हो, एका मुलीनं हात लावून पाहिलंय." त्यांनी फोटो भिंतीवरून काढला आणि पालथा करून टेबलावर ठेवला. भिंतीवर तेवढा चौकोन उजळ दिसत होता. "तुझ्या वडिलांकडे मी काहीतरी मागितलं होतं. तुझ्याकडे मी काहीच मागितलं नव्हतं. ते तू आपणहून दिलंस." मग दार उघडून उभ्या राहिल्या. आवाज चढला नाही, काही नाही. नेलेला वड्यांचा डबा मी तसाच उचलून वर घेऊन आले.

त्यांनी नगर गाळलं. सरळ इंग्लंडला गेल्या. जायच्या आदल्या दिवशी आईनं त्यांच्यासाठी सुरमई तळली होती, साधं वरण-भात, गोडाचा शिरा; मिस्टर ब्रॅडली एकटे आले, जेवले आणि 'शी इज टायर्ड' म्हणाले. आईला तेवढं इंग्रजी समजलं.

मी बाबांशी बोलणं टाकलं. म्हणजे आमच्या घरात टाकतात तसं. मीठ द्या, चावी कुठाय, एवढं चालू. तो दगड नव्या जागी गेलाच नाही. त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. पुढच्या मे महिन्यात बाबा एकटेच नगरला निघाले आणि बिल्डिंगमध्ये कधी न घडलेली गोष्ट घडली. त्यांनी कुणाचाही खोका घेतला नाही. "या खेपेला जमायचं नाही," असं प्रत्येकाला दारात उभं राहून सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना वाटलं, बाबा आजारी आहेत.

तीन आठवड्यांनी त्यांना आणायला विमानतळावर मी गेले, कारण गाडी चालवणारं घरात दुसरं कुणी नव्हतं. माणसं ढकलगाड्यांवर खोक्यांचे डोंगर घेऊन बाहेर पडत होती. बाबा शेवटी आले. खांद्याला एक लहान बॅग, दोन्ही हात मोकळे. ना भाजणी, ना मेतकूट. मान उन्हानं काळवंडलेली, हातांवर कुसळांचे ओरखडे, नखांत हिरवट काळं काहीतरी बसलेलं.

गाडीपाशी आल्यावर ते म्हणाले, "सापडलं नाही."

मी चावी शोधत होते. ती हातातच होती. "किती रांगा बघितल्यात?"

"सगळ्या. दोनदा."

"दोनदा कशाला?"

बाबांनी बॅग मागच्या सीटवर ठेवली, दार लावून घेतलं.

"एकदा माझ्या वाटचं शोधलं," ते म्हणाले, "एकदा तुझ्या."